झटका कुठून येतो

१२ जानेवारी

गाडी आज परत झटके द्यायला लागली. पेठ नाक्याच्या सिग्नलला हिरवा पडला, मी क्लच सोडला आणि गाडीने अशी उडी मारली की मागच्या सीटवर आमच्या हिच्या, कुसाच्या मांडीवरची भाजीची पिशवी खाली गेली. बाजूचा रिक्षावाला म्हणतो, काका, शिकताय का. बत्तीस वर्षं एसटी चालवली मी. साधा आरसासुद्धा कुठं घासला नाही. आणि हे मिसरूड न फुटलेलं कार्टं मला विचारतंय. उतरून दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं, पण मागं रांग लागली होती.

घरी येऊन बॉनेट उघडून बसलो. ऑइल बरोबर, पट्टा बरोबर, बॅटरीची टोकं घट्ट. जागेवर इंजिन कसं शांत चालतं. दुखणं आहे ते चालतानाच, पहिल्या-दुसऱ्या गिअरला, गर्दीत. मोकळ्या रस्त्याला काही नाही.

ही गाडी साधी नाही. दिवाळीत घेतली, सेकंडहॅण्ड का होईना, आणि महिन्याभरात कळवणहून निकिताचा फोन आला की दिवस गेलेत. लग्नाला सहा वर्षं झाली होती पोरीच्या. डॉक्टर झाले, देव झाले, उपास झाले. मी तर म्हणतो हा गाडीचाच पायगुण. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथं आमच्याकडं पंचवटीत. मे महिन्यात निकिताला याच गाडीतून आणायची, मी स्वतः चालवत. तोवर हा झटका गेला पाहिजे. पोटुशी लेक आहे ती, पोत्यातले कांदे नव्हेत.

१६ जानेवारी

दिंडोरी रोडला शेखरच्या गॅरेजात गेलो. पोरगा बरा आहे, तोंडात मावा नाही. त्याने फिल्टर काढला तर काळाकुट्ट. मी म्हटलंच होतं पेट्रोलमध्ये कचरा असणार. प्लगही बदलले. येताना गाडी एकदम झक्क.

शेखरला सांगितलं, इंजिनाचं दुखणं मला तळव्यातून कळतं. आमच्या उस्तादांची शिकवण आहे. गाडी लक्ष्मी असते, तिच्यावर चपलेचा पाय द्यायचा नाही, आणि अनवाणी पायाला जे कळतं ते कानाला कळत नाही. एसटीत साहेब दिसला की बूट पायात, साहेब गेला की बूट सीटखाली. आजही गाडीत बसताना मी चपला काढून मागं ठेवतो. शेखर हसला. हसू दे. त्यांच्या पिढीला सगळं कॉम्प्युटर सांगतो.

१८ जानेवारी

झक्क कसली. अशोक स्तंभाला परत दोन गचके. घरात कुणाला बोललो नाही.

२७ जानेवारी

जेवण झालं की कुसा माझ्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवते. लग्नापासूनचा नेम. इंजिनाच्या उष्णतेने पायांची आग व्हायची तेव्हा सुरू केलं होतं. आधी मला भयंकर गुदगुल्या व्हायच्या, मी पाय ओढून घ्यायचो, ती घोटा धरून ठेवायची आणि हसायची. आता वयाने कातडी मुरली. ती वाटी फिरवते, मी पेपर वाचतो.

आज मी म्हटलं, आज चोळायचं नाही का? तर म्हणाली, केव्हाची चोळतेय. पेपर बाजूला करून बघितलं तर खरंच, वाटी पायालाच होती. अग्रलेखात डोकं घातलं होतं मी, दुसरं काय. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसली. मग बघितलं तर अंगठ्याखाली नख रोवून काहीतरी खरवडत होती. काय करतेस विचारलं, तर म्हणाली माती अडकलीय. चेहरा असा की कुणी गेल्याचा निरोप आलाय. बायकांचं काही कळत नाही.

९ फेब्रुवारी

गोदाकाठच्या भाजीबाजारातून चालत आलो. दारात कुसाने विचारलं, दुसरी चप्पल कुठंय. खाली बघतो तर डाव्या पायात चप्पल आणि उजवा पाय मोकळा. म्हणजे गंगेवरून इथवर मी एका चपलेवर आलो. परत शोधत गेलो, तर अर्ध्या वाटेत गटाराच्या कडेला पडलेली. हल्ली चपलाच सैल येतात, अंगठा धरत नाही. शेजारची पोरं खदाखदा हसली, मीपण हसलो. कुसा तेवढी हसली नाही. तिला विनोद पहिल्यापासूनच कमी कळतो.

जेवताना डॉक्टरचं टुमणं लावलं तिने. शुगर तपासून वर्ष झालं, गोळ्यांची पाकिटं तशीच पडलीत, पाय एकदा दाखवून घ्या. बारा वर्षं मला शुगर आहे. मी तिला ओळखतो, ती मला ओळखते. एवढं सांगूनही तिसऱ्यांदा तेच म्हणाली तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी ताट भिरकावलं. आमटी भिंतीवर गेली. नंतर वाईट वाटलं. पण माणूस गाडीच्या काळजीत असताना त्याला डॉक्टर-डॉक्टर करू नये.

भिंत तिने पुसली. विषय बंद झाला.

२ मार्च

आज शेखरला सोडलं नाही. म्हटलं, शेजारी बस, गाडीने झटका दिला की तिथंच पकड. आधी तो चालवायला बसला. म्हसरूळपर्यंत गेलो आणि आलो. गर्दीत घातली, चढावर थांबवून उचलली. गाडी लोण्यासारखी. सगळ्या गाड्यांची ही खोड असते, मेकॅनिक बसला की शहाण्यासारखं वागायचं. मग मी बसलो. पहिल्याच वळणाला धाडकन उडी. मी म्हटलं, बघ. पण हा बघत होता भलतीकडं, खाली, माझ्या पायांकडं.

गॅरेजात आल्यावर त्याने ते स्कॅनरचं मशीन लावलं. एकही दोष दाखवेना. इंजिनाचे रबरी माउंट हलवून बघितले, घट्ट. मग हात पुसत म्हणतो, "अण्णा, आठ दिवस बूट घालून चालवून बघा. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या."

म्हणजे दोष सापडत नाही तर ड्रायव्हरवर ढकल. हेच डेपोतले फिटर करायचे. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर चांगला झापला. म्हटलं, तुझ्या बापाला मी सप्तशृंगी गडावर नेऊन आणलाय, तेव्हा तू जन्मायचा होतास. आता त्याच्या दारात पाय ठेवणार नाही.

५ मार्च

शेखर घरी येऊन गेला म्हणे, मी नसताना. कुसाशी बोलला. माफी मागायला आला असणार, पण माझ्यासमोर यायची हिंमत नाही. काय म्हणाला विचारलं तर कुसा म्हणाली, काही नाही, गाडीबद्दलच.

११ मार्च

एक नवल. कुसा पुढं बसायला लागली. इतकी वर्षं मागं बसायची, पुढं बसलं की समोरच्या गाड्या अंगावर येतात म्हणायची. आता मी किल्ली घेतली की ही चपला घालून दारात तयार. दूध आणायला निघालो तरी येते. सातपूरला मित्राकडं गेलो, तिथंही आली आणि त्याच्या बायकोशी चार शब्द बोलायचे सोडून गाडी निघायची वाट बघत बसली. म्हातारपणी फिरायची हौस लागली म्हणायची. मला बरं वाटतं. नोकरीत असताना कधी कुठं नेली नाही तिला.

मला विचारत होती, हा मधला दांडा ओढला की गाडी थांबते का. मी तिला हँडब्रेक समजावून सांगितला. दोनदा ओढून बघितला तिने. शिकायची आवड असली की वय आड येत नाही.

२१ मार्च

आज तिच्या आवडीने घात केला असता. मालेगाव स्टँडच्या उताराला गर्दी होती, समोर एक बाई कडेवर पोर घेऊन रस्ता ओलांडत होती. मी ब्रेकवर पाय टाकणार तेवढ्यात गाडीने झटका दिला, पुढं गेली, आणि हिने खाडकन हँडब्रेक ओढला. गाडी जागेवर बंद. बाई शिव्या देत गेली. मी कुसाला म्हटलं, हा बायकांनी खेळायचा दांडा नाही, मागून कुणी ठोकलं असतं म्हणजे? तिचा हात दांड्यावर तसाच.

खरं लिहायचं तर ब्रेकच्या जागी ब्रेक लागला नाही, असं क्षणभर वाटलं. पेडल ढिलं झालं असावं. आता झटक्याबरोबर ब्रेकचंपण बघावं लागणार.

३० मार्च

पाडवा. गाडीला हार घातला, नारळ फोडला. द्वारका सर्कलच्या पुढं एक नवीन गॅरेज आहे, तिथं आठवडाभर गाडी होती. त्यांनी क्लचप्लेट बदलली, इंजिनाचे माउंट बदलले, ब्रेकचे पॅड बदलले. मालक म्हणाला आता लेकीला खुशाल आणा. आज रामकुंडापर्यंत नेली, एकदाच गचका बसला. नवीन प्लेट आहे, बसायला वेळ घेते. मला हलकं वाटतंय.

१३ एप्रिल

निकिताचं डोहाळजेवण होतं, कळवणला जाऊन आलो. पोरगी अशी तजेलदार दिसते. हिरवी साडी, फुलांचे दागिने. आत्तापर्यंत तिच्याकडं बघणाऱ्या बायकांची नजर कशी असायची ते मला माहीत आहे. आज त्याच बायका ओटी भरत होत्या. मी मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आलो.

पंगत गच्चीवर होती. मांडवाबाहेर पाण्याचं पिंप, आणि फरशी अशी तापलेली की पाणी घ्यायला जाणारा नाचत जायचा आणि नाचत यायचा. जावई सार्थक तर उड्या मारत आला. मी मात्र तिथंच उभा राहून व्याह्यांशी एसटीच्या गप्पा मारत होतो, अनवाणी. ते म्हणाले, नाथाभाऊ, पाय आहेत का खडक? म्हटलं, ड्रायव्हरचे पाय आहेत. सगळे हसले. कुसा चपला घेऊन धावत आली आणि चारचौघांत खाली बसून माझ्या पायात घालायला लागली. मला लाज वाटली.

सार्थक म्हणाला, मामा, उन्हाचं तुम्ही कशाला दगदग करता, निकिताला मीच आणून सोडतो. माहेरपणाला न्यायला बाप जातो. जावयाने सासुरवाडीला आणून टाकायची काय पद्धत आहे? मी स्पष्ट सांगितलं, मी येणार. निकितापण म्हणाली, अण्णांबरोबरच येईन.

१५ एप्रिल

उजव्या तळव्याला टरटरून फोड आलेत, दोन फुटले. नवीन चपलांनी लागलं असणार. दुखत नाही, त्यामुळं काळजी नाही. कुसाने हळद लावली आणि लावता लावता रडली. फोड मला आणि रडू हिला.

२४ एप्रिल

आज मी फार चिडलो. कुसा मागच्या खोलीत निकिताशी फोनवर बोलत होती. मी बाहेरून ऐकलं. म्हणत होती, तू येऊ नको, तिथंच राहा, मीच येते तुझ्याकडं महिना-दोन महिने. कुठली आई असं बोलेल? पहिलटकरीण लेक, सहा वर्षांनी, आणि हिला तिचं करणं जड झालं? फोन हातातून घेतला आणि निकिताला सांगितलं की आई म्हातारी झाली, तिचं ऐकू नको, मी पुढच्या शुक्रवारी येतो. पोरीच्या आवाजावरून ती रडत होती. फोन ठेवल्यावर कुसाला नको ते बोललो.

ती म्हणाली, "बरं. मग मी येते संगं. पुढं बसून येते."

तळव्याची जखम ओली आहे अजून. वास येतो थोडा. पट्टी बांधतो.

५ मे

शुक्रवारनंतर आज लिहितोय. कुसाला सकाळी ऑपरेशनला घेतलं. मी बाहेर बाकड्यावर आहे.

क्रमाने लिहितो. कळवणहून निघालो तेव्हा सगळं व्यवस्थित होतं. निकिता मागं आडवी, उशा लावून. कुसा पुढं, हात दांड्याजवळ. वणीपर्यंत एक गचका नाही. दिंडोरीच्या बाजारात दोनदा बसला, निकिता कळवळली, पण मी हळू घेतली. दुपारी घराच्या गल्लीत आलो. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं आणली लेक सुखरूप.

पहिल्या बाळंतपणाला आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. माझी भावजय उज्वला हिने घरात तुकडा आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता. कुसा उतरली, निकिताला हाताला धरून उतरवलं, पायरीपाशी उभी केली. मला म्हणाली, गाडी गल्लीतच राहू द्या, किल्ली काढा. दोनदा म्हणाली. पण ऊन होतं, गाडी तापली असती, आणि मला ती आवारात लावायची सवय. तोवर ओवाळणं उरकेल म्हटलं.

फाटकातून आत यायला छोटा चढ आहे. गाडी चढेना. मी थोडं, अगदी थोडं दाबलं. आणि ती सुटली. मी ब्रेक दाबला. सगळा जोर लावून दाबला. जेवढा दाबतो तेवढं इंजिन ओरडतं आणि गाडी पुढंच. कुसा पाठमोरी होती, हातात तुकडा. आवाजाने वळली. तिने तांब्या टाकला आणि निकिताला दोन्ही हातांनी ओट्यावर ढकललं. स्वतःला बाजूला व्हायला तिला जागा नव्हती. पायरी आणि बंपर यांच्यामध्ये ती होती. मी शेवटी किल्ली फिरवली तेव्हा इंजिन बंद झालं.

तिचा आवाज लिहिता येत नाही.

निकिता ठीक आहे, बाळ ठीक आहे, डॉक्टरांनी बघितलं. कुसाची मांडी दोन ठिकाणी मोडली आणि गुडघ्याचा चुरा. ब्रेक फेल झाला. नवीन पॅड घालून ब्रेक फेल होतो? त्या द्वारकेच्या गॅरेजवाल्याला मी सोडणार नाही. हवालदार आला होता, कुसाला ऑपरेशनच्या आधी विचारलं, तर ती म्हणाली मीच मध्ये गेले. एवढ्या वेदनेत बाईला काय बोलतो ते कळत नाही.

६ मे

काल लिहून होतं न होतं तोच एक नर्स आली. बाकड्यासमोरची फरशी दाखवून म्हणाली, हे रक्त कुणाचं? बघितलं तर खरंच, नळापासून बाकड्यापर्यंत लाल ठसे, एकाच पायाचे. मी आजूबाजूला बघितलं. शेजारी एक म्हातारी होती, तिच्या पायात बूट. एक पोरगा होता, त्याचे पाय स्वच्छ. मी नर्सला म्हटलं, बघा बाई, कुणाला तरी लागलंय बिचाऱ्याला. ती माझ्याकडं बघत राहिली. मग खाली वाकली आणि तिने माझा उजवा पाय उचलला.

फोडांच्या जखमेवर बांधलेली पट्टी कधीच सुटून गेली होती, आणि त्या जखमेत गाडीच्या फुटलेल्या दिव्याचा तुकडा होता. बोटाच्या पेराएवढा. शुक्रवारपासून मी त्याच्यावर चालत होतो. घरी, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात. मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, निकिताच्या वयाच्या. त्यांनी मला आडवं केलं आणि म्हणाल्या, डोळे मिटा, पायाला काही लागलं की हो म्हणा. मी डोळे मिटून पडलो. खूप वेळ झाला. मला वाटलं त्यांना दुसरं काम निघालं असेल. शेवटी मी म्हटलं, बाई, सुरू कधी करताय?

त्या म्हणाल्या, "काका, दोन्ही पाय झाले. तुम्ही गाडी चालवता का?"

शुगरचा आकडा त्यांनी सांगितला, मी ऐकला नाही. माझ्या डोक्यात इंजिनाचा आवाज होता. ब्रेक दाबला की इंजिन ओरडत नाही. हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. बत्तीस वर्षं चालवणाऱ्याला तर झोपेत कळायला पाहिजे. माझा पाय ब्रेकवर नव्हताच.

७ मे

शेखर येऊन गेला. आमच्या आवारातून त्यानेच गाडी बाहेर काढली, पोलिसांचा माणूस बरोबर होता. ब्रेक ठणठणीत आहेत. हे सांगताना त्याने माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याचा हात धरला.

१२ मे

अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. काढल्याचंही कळलं नाही. पाय टेकवायचा नाही म्हणाले, निदान महिना-दोन महिने. उरलेला पाय राहील का, ते आत्ता सांगत नाहीत.

२३ मे

दोघंही घरी आलो आहोत. पुढच्या खोलीत कुसाची खाट, तिच्या मांडीत सळई. उठून चालेल का याला डॉक्टर नुसती मान हलवतात, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. मागच्या खोलीत मी. उज्वला सकाळी येऊन स्वयंपाक करून जाते. इतके दिवस निकिता होती. आठव्या महिन्याचं पोट घेऊन ती आईला भांडं द्यायची आणि माझी पट्टी बदलायची. ज्या लेकीचं आम्ही करायचं, ती आमचं करत होती. सार्थकच्या आईचा निरोप आला की पोरीला परत पाठवा, बाळंतपण इथंच करू. चुकीचं काय आहे त्यात? आज सार्थक न्यायला येणार होता.

सकाळी निकिता अंघोळीला गेली तेव्हा मी सरकत सरकत कुसाच्या खाटेपाशी गेलो. इतके दिवस विचारायची छाती झाली नव्हती. विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं?

म्हणाली, संक्रांतीनंतर. तुमच्या अंगठ्यात नख घातलं, रक्त काढलं, तुम्ही पेपर वाचत होता. मग शेखरनेपण तेच सांगितलं.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

मला भिंतीवरची आमटी आठवली आणि मी मान खाली घातली. सांगितलं होतं तिने. तीनदा सांगितलं होतं.

मग म्हटलं, निदान तू तरी बसायचं नव्हतंस गाडीत. जीव धोक्यात घालून रोज शेजारी कशाला बसत होतीस?

ती शांतपणे बोलली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही काय थांबणार नव्हता. एकटे गेला असता तर कुणाचं तरी लेकरू चाकाखाली आलं असतं. मी शेजारी असले तर दांडा तरी ओढीन म्हणलं. आणि नायच जमलं, तर दुसऱ्या कुणाच्या आधी मी हाये."

मला तिचा हात धरायचा होता. धरला नाही. कुठल्या तोंडाने धरू? मी तिला फिरायची हौस लागली म्हणत होतो. ती दुधाच्या फेरीलासुद्धा माझ्या शेजारी मरायला तयार होऊन बसत होती, आणि मी तिला हँडब्रेकचे धडे देत होतो.

नऊच्या सुमारास सार्थक आला. चहासुद्धा घेतला नाही, ऊन चढायच्या आत वणी गाठायची म्हणाला. निकिता आईच्या गळ्यात पडली. दोघी खूप वेळ तशाच होत्या. मग माझ्याकडं आली. मी म्हटलं, बाळ झालं की कळव. ती म्हणाली, हो अण्णा. या बघायला, असं म्हणाली नाही. मी कसा जाणार हे तिलाही माहीत आहे. पिशवी उचलून ती बाहेर गेली.

पुढच्या खोलीतून कुसाने हाक मारली, अहो, लेक निघालीय, तुम्ही तरी दारापर्यंत जा. मी भिंत धरून उठलो. पाऊल टाकलं, ते जमिनीवर पडलं की नाही ते कळेना, आणि मी तिथंच कोसळलो. हाक मारली नाही. हाक मारली असती तर निकिता परत आली असती. कुसा खाटेवरून विचारत होती, गेलात का, दिसतेय का, हात हलवतेय का ती. मी फरशीवरून हो म्हटलं.

सहा वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली पोर दुसऱ्याच्या घरी बाळंत व्हायला गेली, आणि दारात कुणी नव्हतं.